खिशातला फोटो प्रिंटर, आठ महिने वापरून

जानेवारीत घेतला हा छोटा प्रिंटर, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही कारण मैत्रिणीकडे दुसऱ्या कंपनीचा आहे आणि तिचीही रड हीच आहे.

घेतला कशासाठी तर फोटोंच्या वहीसाठी. रोज एक फोटो, वहीत चिकटवायचा, खाली दोन ओळी, बास. फार भारी काही नाही हो, दारातला पारिजातकाचा सडा, मटार सोलताना निघालेली अळी, अजिंक्यताऱ्यावर टेकलेला ढग असलं काहीतरी. आधी दोनदा स्टुडिओतून प्रिंट काढून वही सुरू केली होती आणि दोन्ही वेळा महिन्याभरात बारगळली, कारण प्रिंट आणायला जायचं राहतं, मग फोटो साचतात आणि मग तो अळीचा फोटो नक्की कधीचा होता हेच आठवत नाही.

तर याला शाई लागत नाही. झिंक म्हणतात त्याला, झीरो इंक. कागदातच पिवळा, किरमिजी आणि निळसर रंगाचे थर असतात, प्रिंटर फक्त तापवतो आणि रंग उमटतात. कागद 2 बाय 3 इंचाचा, मागचं सोललं की स्टिकर, त्यामुळे फेव्हिकॉलची भानगड नाही. ब्लूटूथने मोबाईलवरून फोटो पाठवला की मिनिटभरात बाहेर. कागद उलटा घातला तर मात्र कोराच बाहेर येतो, मी पहिल्याच दिवशी दोन घालवले 😅 आणि पाकिटात एक निळा कागद येतो तो फेकू नका, रंग जुळवायला असतो तो.

आता रंग. इथे खरं सांगायचं तर निराशा आहे. माणसं, चहाचा कप, भिंतीवरची उन्हं हे चांगलं येतं. बहाव्याचा पिवळा मात्र मातकट झाला. मागच्या रविवारी कासच्या पठारावर गेलो होतो, सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांचा तो निळाजांभळा रंग डोळ्यात मावत नव्हता आणि कागदावर काय तर धुतलेल्या निळीसारखं काहीतरी. सावलीतले फोटो तर काळे गुडुप. जास्वंदीवर आलेला शिंजीर, तो मध पिणारा चिमुकला पक्षी, मी अर्धा तास टपून काढला होता, त्याची जांभळी चकाकी पार गेली, आई (सासूबाई) म्हणाल्या, "अगं, हे कावळ्याचं पिल्लू का चिकटवलंयस?"

अजून एक, मोबाईलचा फोटो 4:3 आणि कागद 3:2, म्हणजे लांब बाजूचे काठ कापले जाणारच. काढतानाच थोडी जागा सोडून काढा, नाहीतर फुलपाखराचा पंख गेलाच समजा.

खर्चाचं म्हणाल तर मला एक कागद साधारण 35 रुपयाला पडतो, रोज एक म्हणजे महिन्याचे हजाराच्या वर. हे काही परवडणारं नाही. मी आता काय करते, महिन्यातले रंगाचे फोटो, फुलं पक्षी वगैरे, बाजूला ठेवते आणि मोबाईलवरच एका 4 बाय 6 मध्ये चार फोटो बसवून स्टुडिओत देते, बरोब्बर 2 बाय 3 चे चार तुकडे निघतात. आमच्याकडे त्या एका प्रिंटचे 15 रुपये घेतात, म्हणजे फोटो चार रुपयाच्या आत आणि रंग कितीतरी सरस. तोवर वहीत तेवढी जागा मोकळी सोडते आणि पेन्सिलीने लिहून ठेवते काय होतं ते.

मग प्रिंटर विकून टाकू का? नाही. नुसती फुलं-पाखरांची वही करायची असेल तर घेऊच नका, सरळ स्टुडिओ गाठा. पण माझी वही या वेळी आठ महिने टिकलीय ती याच्यामुळेच, त्याच रात्री कागद हातात येतो ना. आई तर आता जेवण झालं की विचारतात, आजचा फोटो कुठाय. काल मी काढलाच नव्हता, तर रात्री नऊ वाजता ओट्यावर उतू गेलेल्या दुधाचा काढायला लावला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "लक्ष मोबाईलमध्ये होतं."