व्हायोलिनचा म्यूट: रात्रीच्या रियाजात सात-आठ महिने वापरल्यावर

डोंबिवलीत वन बीएचके, ऑफिसातून घरी यायला नऊ, जेवून व्हायोलिन काढेपर्यंत दहा. खालच्या घरात दहावीचा मुलगा. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या कानाशी ८५ सहज ओलांडतं. म्हणून आवाज दाबणारे म्यूट घेतले: आधी रबरी, मग रबराचं आवरण असलेला धातूचा.

ऑर्केस्ट्रावाले मध्येच लावतात तो छोटा म्यूट वेगळा. त्याने स्वराचा रंग बदलतो, आवाज फारसा कमी होत नाही. रियाजाचा म्यूट जाडजूड असतो आणि घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी पट्टीवर, वरून बसतो. वजन वाढलं की घोडी थरथरायला तयार होत नाही, तारेचं कंपन वरच्या फळीपर्यंत नीट पोचत नाही. त्यातही वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक उंच स्वर, जास्त मरतात. म्हणून आवाज नुसता लहान न होता घोंगडीखालून आल्यासारखा होतो.

रबरी म्यूटने दार-खिडक्या बंद केल्यावर शेजारी चालून जातं. धातूचा त्याहून बराच दाबतो. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असला तर घरच्यांनाही कळत नाही. खालच्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "हल्ली वाजवत नाही का हो?" एवढी पावती पुरे! पण धातूचा म्यूट जड असतो. नीट बसला नाही तर झणझणतो, आणि निसटून पडला तर पॉलिशवर खड्डा. लावताना एका हाताने घोडी धरायची, दुसऱ्याने सरळ खाली दाबायचं, काढतानाही तसंच. रोज लावून-काढून घोडी फिंगरबोर्डकडे (बोटं ठेवायच्या काळ्या पट्टीकडे) कलते, त्यामुळे आठवड्यातून एकदा बाजूने बघून सरळ करावी लागते. रबराला गजाला लावायच्या राळेची पांढरी भुकटी चिकटते, ती कोरड्या फडक्याने पुसली की झालं.

आता खरी गोष्ट. डाव्या हातासाठी म्यूट उत्तम. माझ्या चार तारांची जुळणी प सा प सां अशी. पलटे (स्वरांचे सराव), मींड आणि घसीट (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं), कोमल ऋषभाची जागा, हे सगळं म्यूट लावून बिनधास्त होतं. स्वर खाली-वर झाला तर तो लपत नाही, उलट गाजावाजा नसल्याने जास्त टोचतो. गजाचं मात्र उलटं. आवाज मिळत नाही म्हणून हात नकळत दाबत राहतो आणि महिनाभराने म्यूट काढून वाजवलं की मध्य सप्तकात खरखर. गज घोडीच्या किती जवळ फिरतोय, शेवटाला स्वर विरतोय का, हे म्यूटखाली कळतच नाही. गायकी अंगाने, म्हणजे गाण्यासारखं, वाजवायचं तर सगळा जीव गजात. त्यामुळे विलंबित आलाप मी रविवारी सकाळी उघड्या आवाजात करतो, रात्री नाही.

एक गंमत अशी की तक्रारीचं कारण व्हायोलिनपेक्षा तानपुरा ठरू शकतो. फोनवरचा तानपुरा छोट्या स्पीकरला जोडून जमिनीवर ठेवला की त्याची अखंड गुणगुण शेजाऱ्याला जास्त जाणवते. मी एका कानात इअरफोन घालतो, दुसरा कान वाद्याला मोकळा.

यामाहाचं सायलेंट व्हायोलिन मित्राकडे वाजवून पाहिलं. पोकळ पेटीच नसल्याने बाहेर तारेवरून फिरणाऱ्या गजाची बारीक सळसळ तेवढी राहते, हेडफोनमध्ये मात्र छान ऐकू येतं. गजाचा रियाज त्यावर म्यूटपेक्षा बरा होतो. पण मांडी घालून, वाद्याचं डोकं पावलावर टेकवून वाजवणाऱ्याला त्याची चौकट अंगाशी वेगळी लागते, शिवाय किंमत साध्या विद्यार्थी व्हायोलिनच्या कितीतरी पट.

नवशिक्याने आधी रबरीच घ्यावा, काहीशे रुपयांत मिळतो. भिंती अगदीच पातळ असतील तर धातूचा, तोही आवरणवाला. आणि पहिलं वर्षभर म्यूट लावून शिकायचा बेत असेल तर गुरुजींना आधी विचारा. माझ्या गुरुजींनी साफ नाही म्हटलं असतं.