मॅन पेज लिहायचंय? एमडॉक घ्या, सोबत मॅनडॉक

कमांड लाइनचं नवं टूल तयार झालं की त्याचं मॅन पेज, म्हणजे टर्मिनलमध्ये वाचायचं माहितीपान, कशात लिहायचं, ही विचारणा आमच्या टीममध्ये माझ्याकडे येते, कारण मॅन्युअलचं काम माझ्याकडे आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे: एमडॉक मॅक्रो (पानाच्या मजकुरात लिहायच्या छोट्या आज्ञांचा एक संच) वापरा, आणि पान तपासायला मॅनडॉक. बॅकअप घेणाऱ्या आमच्या टूल्सची पानं मी आधी जुन्या मॅन मॅक्रोंमध्ये लिहायचे. आता ती सगळी एमडॉकमध्ये आहेत, आणि परत जायची इच्छा नाही.

ओळख थोडक्यात. मॅन आणि एमडॉक हे दोन्ही मॅक्रोंचे संच रॉफ या मजकूर मांडणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या घराण्यातले. ओळीच्या सुरुवातीला टिंब आलं की ती आज्ञा, नाहीतर मजकूर. मॅन मॅक्रो 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आले. एमडॉक त्यानंतर दशकभराने, 1990 च्या सुमारास, बर्कलीत सिंथिया लिव्हिंगस्टन यांनी तयार केला. मॅनडॉक हा एमडॉक आणि मॅन दोन्ही वाचणारा स्वतंत्र प्रोग्राम. तो क्रिस्टाप्स झोन्सन्स यांनी 2008 मध्ये लिहायला घेतला आणि पुढे इंगो श्वार्झे यांनी सांभाळला. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने 2010 मध्ये मॅन्युअलच्या कामातून ग्रॉफ (रॉफचीच जीएनयू आवृत्ती) काढून मॅनडॉक आणला. फ्रीबीएसडी, अल्पाइन लिनक्स आणि व्हॉइड लिनक्समध्येही आता तोच आहे.

(मॅक्रोंची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत असतात. मॅनमधली सगळी मोठ्या अक्षरांत, एमडॉकमधली बहुतेक दोन अक्षरी, पहिलं मोठं आणि दुसरं लहान. कुठलीही फाइल उघडली की एवढ्यावरून ती कशात लिहिली आहे ते कळतं.)

फरक कुठे आहे ते एका ओळीत दिसतं. समजा टूलला 'सी' नावाचा फ्लॅग, म्हणजे डॅश लावून द्यायचा पर्याय, आहे, त्याच्यापुढे कॉन्फिग फाइलचं नाव द्यायचं, आणि हे सगळं ऐच्छिक आहे. मॅनमध्ये त्यासाठी दोन ओळी लागतात. पहिलीत टिंब आरबी, मग उघडता चौकोनी कंस, मग बॅकस्लॅश, डॅश आणि सी. दुसरीत टिंब आयआर, मग 'कॉन्फिग', मग बंद कंस. आरबी म्हणजे एक शब्द साधा, पुढचा ठळक. आयआर म्हणजे एक तिरका, पुढचा साधा. लिहिताना डोक्यात सतत टाइपाचा हिशेब चालू राहतो: कंस साधा, फ्लॅग ठळक, नाव तिरकं, परत कंस साधा. एमडॉकमध्ये तेच एका ओळीत होतं: टिंब ओपी एफएल सी एआर कॉन्फिग. ओपी म्हणजे ऐच्छिक, एफएल म्हणजे फ्लॅग, एआर म्हणजे आर्ग्युमेंट. कंस, डॅश, ठळक, तिरकं हे सगळं मॅक्रो बघून घेतो. ही गोष्ट काय आहे एवढंच मी सांगायचं.

त्या बॅकस्लॅशकडेही लक्ष द्या. मॅनमध्ये नुसता डॅश लिहिला तर रॉफच्या हिशेबात तो जोडशब्दातला हायफन ठरतो, आणि काही सिस्टीमवर पडद्यावर हायफनचं वेगळंच युनिकोड चिन्ह उमटतं. डोळ्यांना फरक कळत नाही. वाचणारा पानावरची कमांड उचलून टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि टूलला तो पर्याय ओळखताच येत नाही. एमडॉकमध्ये डॅश एफएल स्वतः घालतो, त्यामुळे ही भानगड फ्लॅगच्या बाबतीत उद्भवतच नाही.

अशीच आणखी एक सोय. एनएम मॅक्रोला सुरुवातीला एकदा टूलचं नाव द्यायचं, पुढे नुसतं टिंब एनएम लिहिलं की नाव आपोआप येतं. आमच्या एका टूलचं नाव रिलीजच्या तोंडावर बदललं तेव्हा पानात फार थोड्या जागी हात लावावा लागला. एक्झिट स्टेटसचं ठरावीक वाक्य, म्हणजे यश मिळालं तर शून्य आणि चूक झाली तर त्याहून मोठा आकडा, हे ईएक्स मॅक्रोला डॅश एसटीडी एवढं दिलं की तयार मिळतं.

पण माझ्या मते एमडॉकची खरी कमाई शोधात आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्रत्येक गोष्टीला तिच्या जातीचा मॅक्रो लावलेला असतो, त्यामुळे मॅनडॉकचा अ‍ॅप्रोपोस, म्हणजे मॅन पेजेसमध्ये शोधणारी कमांड, त्या जातीवर शोध घेऊ शकतो. एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलचा मॅक्रो ईव्ही. अ‍ॅप्रोपोसला 'ईव्ही बरोबर पेजर' असं दिलं की पेजर हा व्हेरिएबल ज्या ज्या पानांत नोंदवलेला आहे ती सगळी पानं समोर येतात. वाक्यात कुठे पेजर हा शब्द सहज आला असेल ती पानं येत नाहीत. एक्सआर (दुसऱ्या पानाच्या संदर्भाचा मॅक्रो) दिलं तर अमुक पानाचा संदर्भ कुठे कुठे दिला आहे ते कळतं. एखादं टूल काढून टाकायचं असेल तेव्हा मी पहिल्यांदा हेच बघते. मॅन मॅक्रोंच्या पानात हे शक्य नाही, कारण तिथे फक्त ठळक आणि तिरकं असतं, आणि ठळक शब्द फ्लॅग आहे की फाइल की नुसता जोर, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

वाचतानाही हे उपयोगी पडतं. मॅनडॉकच्या मॅन कमांडने पान लेस या पेजरमधून (मजकूर पडद्यापडद्याने दाखवणाऱ्या प्रोग्राममधून) उघडलं असेल तर कोलन, टी आणि मग फ्लॅगचं अक्षर दिलं की थेट त्या फ्लॅगच्या वर्णनावर उडी पडते. लांबलचक पानात 'एन' शोधायला स्लॅश देऊन शंभर ठिकाणी थांबावं लागत नाही. एचटीएमएल काढलं तर त्याच खुणांचे दुवे होतात, त्यामुळे बग रिपोर्टमध्ये नेमक्या पर्यायाची लिंक देता येते. आमच्या सपोर्टच्या लोकांना ही एकच गोष्ट इतकी आवडली आहे की पान एमडॉकमध्ये नसेल तर ते माझ्याकडे तक्रार करतात.

तपासणीसाठी मॅनडॉकला डॅश टी लिंट द्यायचं. फाइलचं नाव, ओळ, कॉलम आणि मग तक्रार, असं येतं. विभाग रूढ क्रमाने नाहीत, ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली आहे, ज्या पानाचा संदर्भ दिला ते पान सापडत नाही. मला सगळ्यात पटलेली तक्रार म्हणजे नवं वाक्य नव्या ओळीवर घ्या. रॉफला वाक्य कुठे संपलं ते ओळीच्या शेवटच्या पूर्णविरामावरून कळतं, म्हणून हा नियम. पण माझा फायदा वेगळाच: एक वाक्य एका ओळीवर असलं की डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलमधल्या फरकाच्या यादीत) नेमकं बदललेलं वाक्य दिसतं. आमच्याकडे कमिटच्या आधी लिंट आपोआप चालतं, आणि पानं तेव्हापासून नीट राहिली आहेत.

आता त्रास. तोही खराच आहे.

पहिला आणि सगळ्यात वाईट त्रास म्हणजे मॅक्रोंची नावं आणि साधे शब्द यांची टक्कर. ओळ टिंबाने सुरू झाली की तिच्यातले पुढचे शब्दही मॅक्रो आहेत का हे बघितलं जातं. एका सहकाऱ्याचं पान तपासत होते. एरर मेसेजेसच्या विभागात अवतरण चिन्हांसाठी डीक्यू मॅक्रो लावून त्याने 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असं लिहिलं होतं. पडद्यावर मात्र 'सच फाइल ऑर डिरेक्टरी' एवढंच उमटलं. 'नो' हा मॅक्रो आहे, साधा टाइप परत आणणारा, आणि त्याने स्वतःचं नाव गिळून टाकलं. अर्थ उलटा झाला, आणि नियमांच्या दृष्टीने ओळ अगदी बरोबर होती. 'अ‍ॅट लीस्ट' या दोन शब्दांचंही असंच होतं: मोठ्या ए ने लिहिलेला 'अ‍ॅट' हा एटी अँड टी युनिक्सच्या आवृत्तीचा मॅक्रो, त्यामुळे मजकुरात अचानक ते नाव येऊन बसतं. उपाय साधा आहे. पूर्ण वाक्यांशाला दुहेरी अवतरणात ठेवायचं, किंवा शब्दाच्या आधी बॅकस्लॅश आणि अँपरसँड द्यायचा. पण हे माहीत असावं लागतं, आणि नवीन माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

विरामचिन्हांचंही शिस्तीत घ्यावं लागतं. स्वल्पविराम मॅक्रोच्या ओळीवर शेवटी, आधी एक जागा सोडून लिहायचा. तरच तो साध्या टाइपात आणि शब्दाला चिकटून येतो. शब्दाला स्वतःच चिकटवला तर स्वल्पविरामही ठळक होतो. दोन गोष्टी जोडून हव्या असतील तर मध्ये एनएस. आठवड्याभरात हाताला वळण लागतं. लांब पर्यायांची तजवीज मात्र मला आजही ओबडधोबड वाटते: एफएल एक डॅश देतो, दुसरा आपण हाताने लिहायचा. हल्लीच्या टूल्समध्ये लांब पर्याय सर्रास असताना त्यांच्यासाठी वेगळा मॅक्रो असायला हवा होता.

याद्यांच्या रुंदीचंही तसंच. पर्यायांची यादी बीएल मॅक्रोने सुरू होते, आणि डावीकडच्या रकान्याची रुंदी आपण सांगायची. सगळ्यात लांब पर्याय शोधून तोच नमुना म्हणून देणारे लोक आहेत. मी देत नाही, कारण उद्या त्याहून लांब पर्याय आला की यादी विसकटते. मी सगळीकडे डीएस हा ठरलेला नमुना देते. लांब पर्यायाचं वर्णन खालच्या ओळीवर जातं, आणि ते वाचायला चांगलंच असतं.

मार्कडाउनमधून किंवा पॉड या पर्ल भाषेच्या दस्तऐवजांच्या पद्धतीतून मॅन पेज काढणारी साधनंही मी वापरली आहेत. लिहायला ती सोपी आहेत, यात वाद नाही. पण पॉडमधून निघतं ते शेवटी मॅन मॅक्रोंचं पान, मार्कडाउनवाल्या बहुतेक साधनांतूनही तेच, म्हणजे परत ठळक आणि तिरकं. शोध, उडी, दुवे यातलं फारसं काही हाती लागत नाही. प्रोग्रामरने पान लिहिलंच नाही यापेक्षा मार्कडाउनमधलं पान केव्हाही बरं, एवढं मी मान्य करते. पण ज्याला पाच मॅक्रो शिकायची तयारी आहे त्याने ती वाट धरू नये. एसएच (विभागाचं शीर्षक), एनएम, एफएल, एआर आणि ओपी, एवढ्यावर पहिलं पान उभं राहतं. तारीख, शीर्षक आणि सिस्टीमचं नाव या वरच्या तीन ओळी कुठल्याही चांगल्या पानावरून उचला.

एमडॉक कुणी घेऊ नये तेही सांगते. ज्या प्रकल्पाची सगळी पानं मॅनमध्ये आहेत तिथे एकच पान एमडॉकमध्ये घुसवू नका. लिनक्सचा मॅन पेजेस प्रकल्प मॅन मॅक्रोंवर चालतो, तिथे योगदान द्यायचं तर तेच शिका. बाकी लिनक्सवर एमडॉक चालत नाही ही समजूत सोडून द्या. ग्रॉफमध्ये एमडॉक पूर्वीपासून आहे आणि पान व्यवस्थित दिसतं, फक्त जातीनुसार शोध मॅनडॉकशिवाय मिळत नाही. आणि फक्त मॅन मॅक्रो समजणारी एखादी जुनी सिस्टीम समोर आलीच, तर मॅनडॉकला डॅश टी मॅन द्या, तो एमडॉकच्या पानाचं मॅनमध्ये रूपांतर करून देतो. आम्ही रिलीजच्या गठ्ठ्यात दोन्ही फाइली ठेवतो. दुरुस्ती मात्र फक्त एमडॉकच्या फाइलमध्ये करायची.