लग्नपूर्व तयारीचे सहा पाठ, उत्पत्ती 1 आणि 2 वरून: खानदेशातल्या मंडळ्यांत काही महिने वापरल्यानंतर

नवापूर, नंदुरबार, धुळे या पट्ट्यातल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकावरचे हे पाठ पावसाळ्यापासून लग्नसराईपर्यंत चालवून झाले आहेत. ज्या पाळकांना, मंडळीच्या वडिलांना (एल्डरांना) किंवा महिला मंडळातल्या बहिणींना ते आपल्याकडे सुरू करायचे आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव. लागणारं साहित्य थोडकं आहे: झेरॉक्स काढलेली पानं, पवित्र शास्त्र, प्रत्येक पाठाला दीड तास, नवरदेव आणि नवरी दोघंही हजर, आणि शिकवायला एक विवाहित जोडपं. एकट्या पाळकाने हे पाठ घेऊ नयेत. मुली पुरुषासमोर अर्धं बोलतात, अर्धं गिळतात.

पाठांची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे त्यांची सुरुवात. आपल्याकडे लग्नाची तयारी म्हटली की नव्या करारातलं इफिसकरांस पत्र, 5:22 उघडतात, पत्नीने अधीन असावं हे वाचतात, आणि मुलाकडची मंडळी समाधानाने मान हलवतात. त्याच्या आधीचं 21 वं वचन, एकमेकांच्या अधीन असण्याचं, वाचलंच जात नाही. पतीने ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करावं हे 25 वं वचन घाईत उरकतात. हे पाठ तिथून सुरू होत नाहीत, थेट निर्मितीपाशी जातात. येशूनेही हेच केलं होतं. परूश्यांनी, म्हणजे नियमशास्त्राला कडक धरणाऱ्या यहूदी पंथातल्या लोकांनी, सूटपत्राबद्दल (घटस्फोटाबद्दल) विचारलं (मत्तय 19), तेव्हा त्याने उत्पत्ती 1:27 आणि 2:24 ही दोन वचनं एकत्र ठेवून उत्तर दिलं, आणि मोशेने दिलेली परवानगी माणसांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे होती असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे लग्न ही समाजाने सोयीसाठी पाडलेली रीत नाही आणि पापानंतरची तडजोडही नाही. पाप जगात येण्याआधी देवाने स्वतः ते स्थापलं. रोमन कॅथलिक मंडळी विवाहाला संस्कार मानते, आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्या मलाखी 2:14 धरून त्याला करार म्हणतात. पाया मात्र दोघांचाही हाच. हा पाया न घालता नुसते नियम शिकवले, तर मुलं लग्नापर्यंत हो म्हणतात आणि नंतर घरची पद्धत चालू राहते.

पहिला पाठ उत्पत्ती 1:26-28 वर आहे. स्त्री आणि पुरुष दोघंही देवाच्या प्रतिरूपाची, आशीर्वाद दोघांना, पृथ्वीची जबाबदारीही दोघांवर. सोबत एक तक्ता आहे. त्यात घरातली आणि शेतातली कामं एकाखाली एक लिहिलेली: पाणी भरणं, गोठा, निंदणी, फवारणी, कापूस वेचणं, आठवडी बाजार, मुलांची शाळा, व्यापाऱ्याकडून पैसे आणणं. पुढे दोन रकाने. काम कोण करतं? निर्णय कोण घेतं? दोघांनी आपापल्या घरचं वेगवेगळं भरायचं आणि मग पानं शेजारी ठेवायची. पहिल्या रकान्यात फारसं काही अडत नाही. दुसऱ्यात मात्र दिसतं की कापूस आई वेचते, पण कापसाच्या पैशाचं काय करायचं तिथे तिचं नाव मुलाच्याच काय, मुलीच्याही पानावर नसतं. या क्षणी शिकवणाऱ्याने भाषण देऊ नये. 1:28 पुन्हा वाचावं, सत्ता कोणाला दिली एवढंच विचारावं आणि पंधरा मिनिटं दोघांना बोलू द्यावं. वेळ कमी पडला म्हणून तक्ता घरी भरायला दिला तर पाठ वाया जातो; मुलगा भरतो आणि मुलगी खाली सही करते.

दुसरा पाठ (2:15-18) ठीक आहे. काम हे शिक्षा नाही, बाग राखण्याचं काम पापाच्या आधीचं आहे, एवढा मुद्दा पोचला की पुढे जावं.

तिसऱ्या पाठात 2:19-23 आहे. आदाम प्राण्यांना नावं देतो, त्याच्या जोडीचं कोणी सापडत नाही, मग देव स्त्रीला घडवतो आणि स्वतः तिला त्याच्याकडे आणतो. शास्त्रात माणसाच्या तोंडचे पहिले शब्द नोंदले आहेत ते हेच, माझ्या हाडातलं हाड, माझ्या मांसातलं मांस. आनंदाचा उद्गार आहे तो, सौदा नाही. इथून देण्याघेण्याचा विषय निघतो आणि इथेच साहित्य तोकडं पडतं, कारण ते शहरात बसून लिहिलं आहे. त्यात फक्त हुंडा आहे. जळगाव-धुळ्याकडे हुंडा आणि मानपान हा प्रश्न खराच, 1961 पासून हुंडा गुन्हाही आहे. पण सातपुड्याच्या बाजूला आदिवासी घरांत देज असतं, म्हणजे मुलाकडचे मुलीकडच्यांना रक्कम देतात. दोन्हींवर एकच उत्तर चालत नाही. मुलीच्या कष्टाला मोल आहे ही जाण देजामागे आहे, त्यामुळे त्याला सरसकट पाप म्हटलं की गावातले वडील दुखावतात आणि पुढचं ऐकत नाहीत. नुकसान होतं ते रकमेसाठी घेतलेल्या उचलीने, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांनी. ती उचल फेडायला नवी नवरी पहिल्याच हंगामात ऊसतोडीला जाते, आणि पुढे भांडणात ‘तुझे पैसे मोजलेत’ हे वाक्य येतं. म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात: रक्कम किती, कुठून येणार, कोण फेडणार. वडीलमंडळाने सगळ्या घरांसाठी एकच नाममात्र रक्कम ठरवावी. तसं केलं की कोणाचाच मान कमी होत नाही.

चौथा पाठ सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा. 2:24, आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहणं. साहित्यात याचा अर्थ वेगळं बिऱ्हाड असा दिला आहे आणि तो सोडून द्यावा लागतो. तीन एकरांवर दोन भाऊ आणि म्हातारे आईवडील एकाच चुलीवर जेवतात, तिथे वेगळं घर कुठून येणार? प्राचीन इस्राएलातही सून सासऱ्याच्याच घरी येत असे. वचन बोलतं ते निष्ठेच्या क्रमाबद्दल. आणि आपल्याकडे घर सोडते मुलगी, वचन मात्र सोडायला मुलाला सांगतं. हे मुलाला शांतपणे, त्याच्या आईवडिलांसमोर दाखवावं लागतं.

त्यासाठी या पाठाची रचना बदलावी. पहिला तास फक्त जोडपं, शेवटचा अर्धा तास दोन्हीकडचे आईवडील. ते सुरुवातीपासून बसले तर नवरी तोंड उघडत नाही. एकटी आई आली आणि वडील शेतात राहिले तर ठरलेलं टिकत नाही. त्या अर्ध्या तासात चार गोष्टी सगळ्यांसमोर ठरवून घ्याव्यात. दोघांची मजुरी किंवा पगार कोणाच्या हातात जाणार. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलगी माहेरी किती दिवस राहणार आणि आणायला कोण जाणार. भांडण झालं तर आधी कोणाला सांगायचं. आणि दोघांची झोपायची जागा कोणती. हा शेवटचा प्रश्न लाजेने वगळतात, वगळू नये. एका खोलीच्या घरात छतापर्यंत भिंत होत नसेल तर जाड पडदा किंवा पत्र्याचा आडोसा, आणि जिथे दार असेल तिथे आतून कडी. आदाम आणि त्याची बायको उघडी होती पण लाजली नाहीत, हे 2:25 ज्या घरात सतत कोणी ना कोणी आत येतं तिथे नुसतं वाचून काय उपयोग?

आईवडिलांच्या मनात भीती असते की मुलगा हातचा गेला. त्यांच्यासमोर मार्क 7:9-13 वाचावं. कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण, म्हणून आईबापांचा वाटा बुडवणाऱ्यांना येशूने तिथे खडसावलं आहे. सोडणं म्हणजे टाकणं नव्हे. औषधपाण्याला दर महिन्याला किती द्यायचं ते मुलाने बायकोला विचारून तिथेच बोलून टाकावं. हे झालं की बहुतेक सासवा मोकळेपणाने बोलू लागतात.

पाचवा पाठ एकदेह होण्याचा. 1 करिंथकरांस 7:3-5 सोबत वाचायचं. शरीरावरचा हक्क दोन्ही बाजूंनी आहे, म्हणजे संमतीही दोन्ही बाजूंनी. पुरुषांशी पुरुषाने आणि बायकांशी बाईने वेगळं बोलावं, मग एकत्र. तोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक मुद्दा जोडावा. मुकादम नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरतो आणि उचल त्या हिशोबाने देतो. कोयता पुरा व्हावा म्हणून लग्न घाईने, कधी वयाआधी उरकलं जातं. उत्पत्तीतलं एकदेह होणं मजुरीच्या जोडीसाठी नाही, हे त्या घरांत मोठ्याने सांगायलाच हवं. वेळापत्रकही त्यांच्या हिशोबाने धरावं: टोळ्या दिवाळीच्या सुमारास गुजरातकडे निघतात, सगळे पाठ त्याआधी संपले पाहिजेत. राहिलेले पाठ फोनवर घेणं जमत नाही.

सहावा पाठ इफिसकरांस 5 चा आहे, ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याचा. आधीचे पाच नीट झाले असतील तर तो आपोआप उलगडतो.

आता उणिवा. मोठी उणीव ही की उत्पत्ती 3, माणूस पापात पडल्याचा अध्याय, पूर्ण वगळला आहे. त्यामुळे एदेन बाग फार सुंदर वाटते आणि रोजचं घर त्यात बसत नाही. चौथ्या पाठानंतर एक पाठ वाढवावा. 3:16 मध्ये पुरुष स्वामित्व चालवील असं म्हटलं आहे, ते पापाने झालेल्या बिघाडाचं वर्णन आहे, नवऱ्याला दिलेला अधिकार नाही. दारू, संशय, हात उचलणं यांचं नाव घेऊन बोलावं. क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं नव्हे आणि मारापासून दूर जाणारी बाई देवाने जोडलेलं तोडत नसते. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, हेही त्याच पाठात सांगावं.

मूल न होणाऱ्यांसाठी आणि अविवाहितांसाठी एक ओळही नाही. 1:28 हा आशीर्वाद आहे, परीक्षा नाही. प्रेषित पौल अविवाहितपणाला दान म्हणतो. एवढं तरी पहिल्याच पाठात बोलावं.

खर्चामुळे लग्न न करता एकत्र राहणारी, मुलंबाळं असलेली जोडपी डोंगराकडच्या गावांत बरीच येतात. त्यांना पुन्हा नवशिक्यासारखं बसवू नये. पहिला, चौथा आणि वाढवलेला पाठ पुरे, आणि चार-पाच जोडप्यांचा विधी एकाच मांडवात वरण-बट्टीच्या जेवणावर करावा. नोंदवहीत तारीख मात्र त्या दिवसाचीच घालावी. मुलांच्या वयाशी जुळावी म्हणून मागची तारीख टाकणं खोटं आहे आणि पुढे अंगाशी येतं.

कायद्याचं पान साहित्यात नाही, ते स्वतः जोडावं. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्न लावणाऱ्याला अधिकार किंवा परवाना लागतो. प्रत्येक पाळकाकडे तो असतोच असं नाही, म्हणून पत्रिका छापण्याआधी परवाना पाहून घ्यावा. मुलाचं वय 21 आणि मुलीचं 18 पूर्ण, दोघांपैकी कोणाचाही नवरा किंवा बायको हयात नसावी, निदान दोन साक्षीदार, आणि त्यांच्यासमोर दोघांनी स्वतःच्या तोंडाने शपथ घ्यायची. वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7. काही मंडळ्यांच्या धर्मगुरूंना विशेष परवान्याने सूट आहे, बाकीच्यांना नाही. मे महिन्यात ऊन टाळायला लग्न उशिरा ठेवतात, वरात रेंगाळते आणि सात वाजून जातात. वरातीआधी उपासना ठेवली की हा घोळ होत नाही. भारतीय ख्रिस्ती जोडप्यांना कायद्याच्या सहाव्या भागाखाली पूर्वसूचनेची अट नाही, तरी तीन रविवार उपासनेत घोषणा करावीच. आधीचं लग्न लपवलेलं असेल तर ते याच तीन रविवारांत बाहेर येतं. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार यांवरची नावं चौथ्या पाठापर्यंत तपासावीत. दाखल्यावर ‘सुमनबाई’ आणि आधारवर ‘सुमन’ असेल तर आधी दुरुस्ती करून घ्यावी, कारण एकदा प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाव बदलायला फार धावाधाव होते.