हातकामाच्या गोधडीच्या नावाखाली आलेलं छापील पॉलिस्टर

नागपुरातल्या एका कुटुंबाने आजीच्या पंच्याहत्तरीसाठी चित्राची गोधडी करायला दिली. काटोलकडचं कौलारू घर, बाजूला संत्र्याची झाडं, पुढे पोळ्याला सजवलेली बैलजोडी. ठरलेलं माप ९० बाय १०० इंच. कापड सुती, भरण सुती, चित्र कापडाचे तुकडे लावून आणि सगळे टाके हाताचे. किंमत १८,५०० रुपये, त्यातले ६० टक्के आगाऊ आणि बाकीचे कुरिअरला देण्याआधी. माल १२ दिवसांत घरपोच आला. पहिल्याच धुण्यात झुलीचा लाल रंग पांढऱ्या काठावर उतरला, भरणाचे गोळे पायथ्याशी जमले आणि गोधडी आमच्याकडे दुरुस्तीला आली. उसवल्यावर काय काय निघालं ते लिहितो आहोत, कारण यातली जवळजवळ प्रत्येक लबाडी न उसवताही ओळखता येते.

आधी त्या १२ दिवसांचा हिशेब. ९० बाय १०० इंचावर दोन-दोन इंचांवर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर ९० इंचांच्या ५० ओळी होतात, म्हणजे साधारण ११४ मीटर टाका. इंचाला सहा टाके धरले तर २७ हजार टाके. वरचं कापड, भरण आणि अस्तर अशा तिन्ही थरांतून सुई काढायला सराईत हातालाही मीटरमागे वीसेक मिनिटं लागतात. नुसती शिलाईच ३८ तासांची झाली. खाका, कातरकाम, तुकडे दुमडून लावणं हे सगळं त्याच्या आधीचं, आणि चित्र भरगच्च असेल तर तेच जास्त वेळ खातं. कुरिअर धरून १२ दिवसांत ‘सगळं हातकाम’ देऊ म्हणणाऱ्याला विचारावं, किती हात बसवणार आहात?

मंजुरीसाठी मोबाइलवर आलेलं चित्र कुठल्याही गोधडीचा फोटो नव्हता. ते एआयने काढलेलं होतं. नीट पाहिलं तर त्यात टाके एका तुकड्यातून दुसऱ्यात विरघळत होते आणि बैलाच्या शिंगावर शिवण होती पण जोड नव्हता. गिऱ्हाइकाने होकार दिला तो या चित्राला. कापडाला होकार कुणी मागितलाच नाही, आणि सगळा खेळ इथेच झाला.

खरा कारागीर फोटोवरून आधी रेघांचा खाका काढतो. तो खाकी कागदावर गोधडीच्या पूर्ण मापात मोठा करतो, प्रत्येक तुकड्याला नंबर देतो आणि मग ट्रेसिंग पेपरला टोचे मारून तो कापडावर उतरवतो. हे करताना निम्म्या गोष्टी तो स्वतःच नाकारतो. तुकड्याची कड दोन्हीकडून पाव इंच दुमडावी लागते, त्यामुळे अर्ध्या इंचाहून बारीक पान कापून लावणं अवघड असतं. ते भरतकामात करायचं. बैलाचे डोळे, झुलीवरचे आरसे, कौलांच्या रेघा, सगळं भरतकामातच जातं. फोटोतल्या प्रत्येक पानाला ‘हो, होईल’ म्हणणाऱ्याने कात्री हातात धरलेली नसते.

आता कापड. आकाश, झाडं, घर यातलं काहीच तुकड्यांचं नव्हतं. पॉलिस्टरवर केलेली ती सब्लिमेशन छपाई होती, म्हणजे कागदावरचा रंग उष्णतेने कापडात उतरवलेली. ही छपाई पॉलिस्टरवरच धरते, शुद्ध सुतीवर टिकत नाही. म्हणून ‘प्युअर कॉटन’ म्हणून आलेल्या गोधडीवर अशी छपाई दिसली की पुढे वाद घालायला काही उरत नाही. कड जरा उलटी करून पाहा, मागून कापड पांढरट दिसेल. पाण्याचा थेंब टाका: धुतलेलं सुती कापड तो पिऊन घेतं, पॉलिस्टरवर तो बराच वेळ तसाच बसतो. आतल्या शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून जाळा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राख सोडतो, पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी बनतो.

खरे तुकडे दोनच जागी होते, बैलांवर आणि दारावर. तेही फ्युजिंगने, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणाऱ्या पातळ थराने, चिकटवून कडेने झिगझॅग मारलेले, आणि धुतल्यावर त्यांना फुगे आले. फ्युजिंग वापरणं म्हणजे फसवणूक नव्हे. बारीक कामात, झिगझॅग दाट असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं. दर मात्र हाताने दुमडून लावलेल्या तुकड्यांचा घेतला होता. रंग उतरला तो लाल कापड आधी न भिजवता वापरल्यामुळे. मीठ टाकलं की रंग पक्का होतो यावर अजून लोकांचा विश्वास आहे. मीठ रंगवतानाच्या वेळी कामाचं, नंतर बादलीत टाकून निघणारा रंग थांबत नाही. लाल, मरून, गडद निळा तुकडा ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून पाहायचा, डाग आला तर तो कापडाचा तुकडा वापरायचाच नाही.

भरण म्हणून टाकाऊ कापड पिंजून घातलं होतं आणि शिलाईच्या ओळी दहा-दहा इंचांवर. असं सैल भरण इतक्या मोकळ्या जागेत सरकणारच. चार इंचांच्या आत ओळ असती तर वाईट भरणही काही काळ जागेवर राहिलं असतं. शिलाई मल्टीनीडल, म्हणजे अनेक सुयांच्या मशीनची, तिरक्या चौकटींची, बैलाच्या तोंडावरून सरळ गेलेली. हातकामाची शिलाई चित्राच्या कडेकडेने फिरते. शिवाय धावदोऱ्यात टाक्यांमध्ये मोकळी जागा असते आणि दोन्ही बाजूंना एकच धागा दिसतो. मशीनच्या साध्या टाक्याची रेघ सलग असते, वरचा धागा वेगळा आणि खालच्या बॉबिनचा वेगळा.

काहीच तपासायचं नसेल तर वजन करा. ९० बाय १०० म्हणजे ५.८ चौरस मीटर. वरचं आणि खालचं सुती कापड १२० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅमचं, धरलं तर १.४ किलो, २०० जीएसएमचं भरण सव्वा किलोच्या आत, तुकडे पाव-अर्धा किलो. पावणेतीन ते तीन किलो भरायला हवं. ही गोधडी १.६ किलो भरली. माप निघालं ८४ बाय ९२. विचारल्यावर उत्तर आलं, “ताई, टाके घातले की आकसतंच.” आकसतं हे खरं, पण त्यासाठीच वरचं कापड चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त कापतात आणि शिवून झाल्यावर काठ छाटतात. ती तजवीज गिऱ्हाइकाच्या मापातून होत नाही. खालच्या अस्तराला ४४ इंची पन्ह्याचं कापड घेतलं तर तीन पट्ट्या जोडून सव्वासात मीटर लागतं. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात मोठ्या पन्ह्याचं कापड मिळतं, ते घेतलं तर जोड टळतो.

ऑर्डर देताना चित्रातला सगळ्यात अवघड भाग, इथे बैलाचं तोंड, १२ इंचांच्या चौकोनात तिन्ही थरांसह शिवून मागा. त्याचे पैसे वेगळे द्या आणि घरी दोनदा धुवा. उरलेली रक्कम टप्प्याने द्या: नमुना पसंत पडल्यावर, वरचा थर जुळून त्याच्या मागच्या बाजूचा व्हिडिओ आल्यावर, आणि माल हातात पडल्यावर. बिलावर कापड, भरणाचं जीएसएम, टाक्याचा प्रकार आणि धुतल्यानंतरचं माप लिहून घ्या. नुसतं ‘हँडमेड’ लिहिलं तर त्यात मशीनही बसवतात.

‘ऑर्डरचा माल परत घेत नाही’ ही अट सांगितल्याप्रमाणे केलेल्या मालालाच लागू. सुतीऐवजी पॉलिस्टर पाठवलं तर तिची ढाल होत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विक्रेता कुठल्याही गावचा असला तरी तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात, म्हणजे नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षं, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०, तीही त्याच दिवशी. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, वजनकाट्यावरचा फोटो आणि चॅट जपून ठेवा, आणि हे सगळं होईपर्यंत गोधडी धुवू नका. एकदा धुतली की विक्रेता सगळं खापर तुमच्या साबणावर फोडतो.