पिवळ्या झोनच्या नावाखाली ४ लाख ८४ हजार ५०० रुपये गेले, आणि हरकतीची मुदतही

शेत पिवळ्या, म्हणजे रहिवास झोनमध्ये आणून देतो असं सांगून एका मध्यस्थाने मला फसवलं. किती गेले तो आकडा आधीच लिहून टाकतो. गावात कोणी दहा लाख सांगतो, कोणी पंधरा, ते तरी बंद होईल. 'फाइल तयार करायचे' ११,०००. 'डिजिटल मोजणी व नकाशा' ३८,५००. 'समितीचा खर्च' १,७५,०००. 'विकास शुल्क' २,६०,०००. एकूण ४ लाख ८४ हजार ५००. शेवटची रक्कम बायकोची पोत आणि पाटल्या सोनेतारण ठेवून उभी केली. त्याचं व्याज अजून भरतोय.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाला चिकटून. हद्दवाढीत आम्ही नगरपालिकेत गेलो आणि वाढीव हद्दीची विकास योजना, म्हणजे कोणती जमीन कशासाठी ते ठरवणारा नकाशा, निघाली. गावठाणाला लागून माझं तीन एकर काळं रान आहे, उत्तरेला महामार्गाकडे जाणारा रस्ता, पश्चिमेला नाला. गावठाणात आता घर बांधायला कोपरा उरलेला नाही, कापसाचं काय चाललंय ते सगळ्यांना दिसतंच आहे. शेत रहिवास विभागात आलं तर रीतसर प्लॉट पाडता येतील, पोरांची सोय होईल, एवढाच हिशेब होता. ह्याला जे लोभ म्हणतात, त्यांनी स्वतःचे प्लॉट कधी घेतले ते आधी सांगावं.

त्या माणसाला माझ्याकडे आणलं माझ्या साडूने. साडूचेही २५,००० गेलेत, म्हणून त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. माणूस चाळिशीचा, गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात गुंडाळलेले नकाशे. नगरपालिकेच्या आवारात चहाच्या टपरीवर बसलेला असायचा आणि आतले बाबू बाहेर आले की त्याला हात करायचे. बोलणं पक्कं. नगररचना कायद्याचं 'कलम २६', 'कलम २८', 'ईएलयू' (सध्याच्या जमीन वापराचा नकाशा), सगळं तोंडपाठ. 'आप्पा, गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे ना तुमचं? मग झालंच समजा, ४२-ड आहे ना.' गावठाणाजवळची जमीन बिगरशेती धरण्याचं ४२-ड महसूल संहितेत तेव्हा होतं, हे खरं. पण २०० मीटरच्या आतली ती जमीन प्रादेशिक योजनेत विकासयोग्य विभागात दाखवलेली असावी लागायची, ही अट त्याने गिळली. अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडणं अवघड असतं. मी गावच्या दूध डेअरीचे हिशेब लिहितो, पैशाची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. पण कायद्याचं अर्धवट वाक्य पकडायला वकीलच लागतो, आणि वकील गावात नाही.

त्या वेळी नगरपालिकेवर प्रशासक होते. नगरसेवक असते तर एखाद्याला जाऊन विचारलं असतं, शिव्या घातल्या असत्या. प्रशासकाला कुठे गाठायचं?

आता तो नकाशा. इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

१,७५,००० दिल्यावर पंधरवड्याने तो घरी आला आणि ओट्यावर खाट टाकून त्यावर एक रंगीत कागद पसरला. जाड, चकचकीत. वर 'विकास योजना – वाढीव हद्द', खाली जांभळा गोल शिक्का, मध्ये माझा गट नंबर आणि त्यावर भरलेला पिवळा रंग. आजूबाजूला सगळं हिरवं, म्हणजे शेती विभाग. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बायको चहा घेऊन आली, कागदाकडे बघून म्हणाली, 'नाला हिकडे कसा? आपला नाला तं सूर्य बुडतो तिकडे.' बरोबर होतं तिचं. नकाशात नाला शेताच्या पूर्वेला होता. तो जराही गडबडला नाही. हसला, कागद खाटेवरच गर्रकन उलटा फिरवला आणि म्हणाला, 'वहिनी, तुम्ही नकाशा उलटा बघत होत्या.' नाला बरोबर पश्चिमेला आला. मी पण हसलो. वहिनीला नकाशा कळत नाही म्हणून आम्ही दोघे हसलो.

कागद फिरवल्यावर रस्ता दक्षिणेला गेला होता. माझा रस्ता उत्तरेला आहे. त्यावरून मी रोज दुधाचे कॅन नेतो. आणि उत्तर दाखवणारा बाण खाली तोंड करून उभा होता, अक्षरंही उलटी झाली होती. तो दुसऱ्याच कोणाच्या तरी गटाचा नकाशा होता, वर माझा नंबर टाकलेला. एवढं समोर असताना माझं लक्ष त्या पिवळ्या रंगावर होतं. तिथे मी कागद हातात घेऊन 'हा रस्ता बघ' म्हणालो असतो, तर पुढचे २,६०,००० वाचले असते. बायको आजही तो विषय काढत नाही, पण नाल्यावर गेलं की मुद्दाम पश्चिमेकडे बोट करून दाखवते.

दुसरं म्हणजे तारीख. त्या शिक्क्याखालची तारीख प्रारूप (म्हणजे कच्ची) विकास योजना जाहीर होण्याच्या आधीची होती. प्रारूपच निघालेलं नसताना त्यातला बदल मंजूर कसा होईल? कोणाच्याही लक्षात येईल असं आता वाटतं. पण आम्हाला तेव्हा प्रारूप म्हणजे काय हेच कोणी सांगितलं नव्हतं. क्रम असा असतो: आधी योजना तयार करण्याचा इरादा जाहीर होतो, मग सध्या कोणती जमीन कशासाठी वापरली जाते त्याचा नकाशा होतो, मग प्रारूप योजना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध होते. तिथून ३० दिवस हरकती आणि सूचना घेतात. ज्यांनी लेखी दिलं, त्यांनाच नियोजन समिती सुनावणीला बोलावते. त्यानंतर योजना शासनाकडे मंजुरीला जाते. ह्यात कुठेही 'समितीचा खर्च' नाही. साध्या कागदावर अर्ज, सोबत सातबारा, गट नकाशाची प्रत आणि आपलं म्हणणं. फी शून्य.

माझं खरं नुकसान ह्या ३० दिवसांत झालं. प्रारूप योजना नगरपालिकेत भिंतीवर लागली, लोक जाऊन बघत होते. मी निघालो तर ह्याचा फोन. 'आप्पा, तुम्ही येऊ नका. तुम्ही दिसले का शेजारी समजतील, मग तेच तुमच्या गटावर हरकत टाकतील. फाइल माझ्याकडे आहे, सूचना मी टाकलीय.' मी म्हटलं, पोच पाठव. व्हॉट्सॲपवर फोटो आला: पहिल्या पानावर आवकचा शिक्का, नंबर स्पष्ट, तारीख पुसट. मोबाइलच्या फोटोत तारीख नेहमीच पुसट येते असं मी मनाला समजावलं. पोच म्हणजे आपल्या हातातल्या प्रतीवर बसलेला शिक्का. दुसऱ्याच्या मोबाइलमधला शिक्का म्हणजे काही नाही.

विकास शुल्काची पावती तर छापील होती. आता कळलं की विकास शुल्क रेखांकनाची (प्लॉट पाडायची) किंवा बांधकामाची परवानगी घेताना लागतं; नकाशात रंग बदलण्यासाठी नाही. आणि पैसे गेले एका खासगी खात्यावर, क्यूआर कोड स्कॅन करून. नगरपालिकेचे पैसे कोणाच्या मेहुण्याच्या खात्यात जात नाहीत, हे लक्षात ठेवा.

कळलं कसं? बांधाशेजारच्याला सुनावणीची नोटीस आली. मला आली नाही. त्याने काय केलं होतं? पोराकडून अर्ज लिहून घेतला, सातबारा जोडला, आवकमध्ये देऊन शिक्का मारून घेतला. त्याचा खर्च झेरॉक्सचा. मी धावत नगरपालिकेत जाऊन भिंतीवरचं प्रारूप बघितलं. माझा गट हिरवाच. आणि त्याच्या मधोमध १८ मीटर रुंदीचा रस्ता, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हणजे रहिवास तर मिळालाच नाही, वर असलेल्या तीन एकराचे दोन तुकडे. त्या रस्त्यावर हरकत घ्यायचा हक्क माझा होता, आणि तीस दिवस तो त्या माणसाच्या बॅगेत पडून होता.

मग सुरू झाली खरी फरफट. नगरपालिकेत नगररचना विभागातला बाबू म्हणाला, 'मुदत संपली, आता काही घेता येणार नाही.' त्या माणसाबद्दल विचारलं तर 'आम्ही ओळखत नाही.' ओळखत नाही! रोज त्याच्याच पैशाने चहा प्यायचात ना? जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात गेलो, तर 'प्रारूप नगरपालिकेचं आहे, तिकडे विचारा.' नगरपालिका म्हणे, 'तिकडे विचारा.' तहसीलला गेलो तर 'आमचा संबंध येत नाही.' माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तर आलं: 'आपल्या नावे कोणतीही सूचना या कार्यालयास प्राप्त झालेली नाही.' हे एक वाक्य लिहायला त्यांना कायद्याने दिलेले तीस दिवस पूर्ण लागले. त्यांना तीस दिवस मिळतात. मला एकही वाढवून मिळाला नाही.

पोलीस ठाण्यात तर विचारू नका. हवालदाराने अर्ज वाचला आणि ठरलेलं वाक्य टाकलं: 'हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा.' बनावट शिक्का दाखवला. 'हा खरा का खोटा ते नगरपालिका सांगेल.' नगरपालिका लेखी सांगत नाही, कारण लेखी दिलं तर त्यांचीही चौकशी होईल. मग साहेबांनी मला बाजूला घेऊन शहाणपण शिकवलं: 'समितीचा खर्च म्हणजे लाच ना? मग देणारा पण आरोपी होतो बरं का.' लाच देणं हा गुन्हा आहेच, २०१८ च्या दुरुस्तीपासून तर स्पष्टच आहे. पण मी कोणत्या सरकारी माणसाला दिली? मी एका भामट्याला फी समजून दिली. मला घाबरवून परत पाठवायचं होतं, बाकी काही नाही. मी परत आलो पण, हे लिहायला लाज वाटते. घरी येऊन तक्रार नीट लिहून काढली आणि पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवली. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही तर तक्रार अशी टपालाने पाठवता येते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. ठाण्यात जाताना हे आकडे पाठ करून जा, तेवढाच समोरचा जरा सरळ बसतो.

वकिलाला भेटलो. तो म्हणाला, योजना मंजूर झाल्यावर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल मागता येतो, पण त्यासाठी नगरपालिकेने प्रस्ताव पाठवायला हवा. आणि रस्त्याची जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर कलम १२७ ची, 'जमीन घ्या नाहीतर सोडा' अशी नोटीस देता येते. दहा वर्षांनी. तोवर त्या पट्ट्यात विहीर खोदायची की नाही, कोणी सांगत नाही.

ज्यांच्या गावाची हद्दवाढ झालीय त्यांनी राजपत्राची वाट बघत बसू नका, पेपरातल्या जाहिराती रोज बघा. भिंतीवरचा नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, बायकोला सोबत न्या. गटाचा भाग नकाशा आणि झोन दाखला नगरपालिकेकडूनच मागा, मध्यस्थाकडून नको. कोणी 'तुम्ही येऊ नका' म्हणाला की त्याच दिवशी जा.

तो आता पलीकडच्या तालुक्यात फिरतोय असं समजलंय, तिथेही वाढीव हद्दीची योजना निघायची आहे. ज्यांनी ज्यांनी त्याला पैसे दिले असतील, त्यांनी पावत्या, क्यूआरचे स्क्रीनशॉट आणि ते पिवळे नकाशे जपून ठेवा आणि आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या. एकट्याचा अर्ज 'दिवाणी' होतो. चार-पाच गावांतून तोच शिक्का असलेले नकाशे टेबलावर पडले, तर साहेबांना तो शब्द वापरायला अवघड जाईल. माझ्याकडचा नकाशा मी फाडलेला नाही. कोणाला जुळवून बघायचा असेल तर संध्याकाळी दूध संकलनाच्या वेळी डेअरीवर या.