२०२४चे अल्बम : डिसेंबरची यादी विरल्यावर काय उरलं

वर्षातले आवडते अल्बम ठरवायचे असतात डिसेंबरात, आणि सगळी गोची तिथेच आहे. २०२४चंच बघा. रॉक बँड द क्युअरचा 'सॉन्ग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला १ नोव्हेंबरला. रॅपर केंड्रिक लामारचा 'जीएनएक्स' २२ नोव्हेंबरला, तोही कसली दवंडी न पिटता. यादी लिहिणाऱ्याच्या हातात उरले दोन-चार आठवडे. तेवढ्यात गाणी पाठ होतात, पण अल्बम अंगवळणी पडत नाही. उलट मार्चमध्ये आलेला अल्बम तोवर जरा शिळा वाटायला लागलेला असतो. मग नव्याची नवलाई जिंकते आणि जुन्याला 'उल्लेखनीय'मध्ये जागा मिळते.

यादी मीही केली होती. पण तिच्यातले अल्बम त्यानंतर कित्येक महिने फोनमध्ये तसेच ठेवले आणि नुसते वापरले. वापरले म्हणजे खरंच वापरले: चालताना, काम करताना, प्रवासात, झोप येत नसताना, कधी नीट बसून तर कधी अर्धं लक्ष देऊन. त्यातून एकच कसोटी हाती लागली. गाणं संपत आलं की पुढच्या गाण्याची सुरुवात आपोआप डोक्यात वाजायला लागते का? लागत असेल तर तो अल्बम. नसेल तर ते चांगल्या गाण्यांचं गाठोडं. गाठोड्याशी माझं वैर नाही, फक्त त्याला अल्बम म्हणून मार्क देववत नाहीत.

आधी थोडं तांत्रिक, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. शफल, म्हणजे गाणी क्रम मोडून वाजवणं, बंद ठेवायचं. २०२१मध्ये गायिका अडेलने हा आग्रह धरला आणि स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर क्रमाने वाजवणं हाच मुख्य पर्याय केला. बाई एकदम बरोबर होत्या. दुसरं म्हणजे क्रॉसफेड. दोन गाणी एकमेकांत मिसळून टाकणारी ही सोय पार्टीला ठीक आहे, पण ती चालू ठेवून अल्बम ऐकलात तर खाली मी जे काही म्हणते आहे त्यातलं निम्मं तुम्हाला ऐकूच येणार नाही. पुष्कळांच्या फोनमध्ये ती कधीतरी चालू झालेली असते आणि त्यांच्या गावीही नसते.

पहिल्या नंबरावर आहे, आणि डिसेंबरपेक्षा जास्त पक्का आहे, तो बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन'. पोर्टिसहेड या बँडची ही गायिका. स्वतःच्या गाण्यांचा, फक्त स्वतःच्या नावावरचा हा तिचा पहिला स्टुडिओ अल्बम. तो मे २०२४मध्ये आला तेव्हा ती ५९ वर्षांची होती. त्याच्यावर काम चाललं दहा वर्षांच्या वर. पोर्टिसहेड म्हटलं की ब्रेकबीट (जुन्या गाण्यांतून कापून घेतलेला ठेका) आणि कोरडा, कडक स्नेअर ड्रम आठवतो. इथे तिने ते ठरवून टाळलं. टॉक टॉक या बँडचा ड्रमर ली हॅरिस सोबतीला घेतला आणि नेहमीच्या ड्रमसेटऐवजी डबे, पत्रे, लाकडी खण असल्या वस्तू बडवल्या. निर्माता जेम्स फोर्डने पियानोच्या तारांवर चमचे मारले.

हे वाचताना 'प्रयोग' वाटतं, ऐकताना अजिबात वाटत नाही. ठेका जणू शेजारच्या खोलीतून येतो. त्याला टोक नसतं, त्यामुळे तिच्या आवाजातली किंचित थरथर झाकली जात नाही. वय होणं, शरीर बदलणं, जवळची माणसं एकेक करून जाणं असे विषय आहेत. पण रडगाणं कुठेच नाही. 'फ्लोटिंग ऑन अ मोमेंट'मध्ये शेवटाकडे लहान मुलांचा कोरस येतो आणि आपण सगळे कुठेच चाललेलो नाही अशा अर्थाचं काहीतरी अगदी निरागसपणे गातो. पहिल्यांदा अंगावर काटा आला होता. आता काटा येत नाही, पण तो कोरस यायच्या जरा आधी हातातलं काम थांबतं. एवढ्या महिन्यांच्या वापरानंतर एवढं टिकणं म्हणजे पुष्कळ झालं.

तक्रार एकच. फोनच्या स्पीकरवर हा अल्बम वाजवूच नका. खालचे सगळे आवाज गळून जातात आणि उरते एक दुःखी बाई. हेडफोनवर मात्र प्रत्येक आवाजाला वस्तुमान आहे. लाकूड लाकडासारखं वाजतं, कातडं कातड्यासारखं.

दुसरा नाला सिनेफ्रोचा 'एंडलेसनेस'. माझी कसोटी इथे जवळपास निकामी होते, कारण एक गाणं संपून दुसरं सुरू झालं हे कळतच नाही. दहा तुकडे आहेत, नावं 'कंटिन्युअम १'पासून 'कंटिन्युअम १०'पर्यंत. सगळ्यांतून सिंथवरचा (सिंथेसायझरवरचा) एक आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डमधले सूर सुटे करून फिरवलेला आकार, सतत वाहत राहतो. सिनेफ्रो हार्प आणि सिंथ वाजवते. सॅक्सोफोनवर नुबाया गार्सिया, ड्रमवर ब्लॅक मिडी या बँडचा मॉर्गन सिम्पसन अशी मंडळी येतात आणि जातात. आर्पेजिओ कधी पुढे असतो, कधी व्हायोलिनांच्या मागे दडतो, पण हरवत नाही. क्रॉसफेड चालू असेल तर नेमके हे सांधे चिरडले जातात.

काम करताना लावायला म्हणून मी हा घेतला, आणि त्या कामाला तो बेकार निघाला. 'पार्श्वसंगीत' म्हणून ठेवला की दर थोड्या वेळाने सिम्पसनचे हात असं काहीतरी करतात की वाचत असलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. आता तो फक्त ऐकण्यासाठीच लावते. पाऊण तास लागतो. मधूनच सुरू करण्यात काही अर्थ नाही.

द क्युअरबद्दल मला जरा भांडायचंय. तब्बल सोळा वर्षांनी आलेला स्टुडिओ अल्बम, आठ गाणी, साधारण ४९ मिनिटं. त्या एका आठवड्यात जो तो भारावून लिहीत होता. त्यांचं चुकलं नव्हतं. सुरुवातीच्या 'अलोन'मध्ये तीन मिनिटं उलटून गेली तरी गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाही. शेवटच्या 'एंडसाँग'मध्ये तर सहा मिनिटांहून जास्त वाट बघावी लागते. वाजवा आणि पुढे ढकला या जमान्यात हा उर्मटपणा मला फार आवडला. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' हे स्मिथच्या गेलेल्या भावाबद्दलचं गाणं. पियानोवरची साधी, वर न चढणारी धून आहे आणि दुःखाला आणखी काही लागत नाही हे तिला ठाऊक आहे.

मग भांडण कशाबद्दल? आवाजाबद्दल. सगळं काठोकाठ भरलेलं. ड्रम, बास, सिंथ, गिटार यांची एवढी गर्दी की तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर कान दमतात. पहिल्या महिन्यात ती भव्यता वाटली. नंतर मला लक्षात यायला लागलं की मी हा अल्बम लावायचा विचार करते आणि दुसराच लावते. 'ड्रोन:नोड्रोन'ला तर आता सरळ उडी मारते. तरीही पहिलं आणि शेवटचं गाणं एकमेकांना बांधलेली आहेत: एकात शेवटाची घोषणा होते, दुसऱ्यात तो शेवट येतो. मधल्या चिखलातून चालायची तयारी असेल तर हा अल्बम खराच आहे. पंधरा मिनिटांच्या प्रवासात लावायचा मात्र नाही, तोवर स्मिथ जेमतेम घसा साफ करतो.

बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' वापरात सगळ्यात जास्त झिजला, आणि तो दोष अल्बमचा नाही. मे २०२४मध्ये तो आला तेव्हा आधी एकही गाणं बाहेर सोडलेलं नव्हतं. दहाही गाणी एकदम, क्रमाने ऐका, असं ते म्हणणं होतं. पुढे 'बर्ड्स ऑफ अ फेदर' जिकडेतिकडे इतकं वाजलं की चौथ्या क्रमांकावर ते आलं की माझं लक्ष उडायला लागलं. पण लगेच पाचवं 'वाइल्डफ्लॉवर' आहे, आणि त्या पहिल्या गिटारने सगळं पुन्हा जागेवर येतं. क्रमाचा उपयोग असा होतो. 'बिटरस्वीट' मरत मरत 'ब्लू'च्या सुरांत शिरतं तो सांधा वर्षातला सगळ्यात सुबक असावा. शेवटी एक आवाज विचारतो की पुढचं कधी ऐकायला मिळणार. गंमत म्हणजे मी दर वेळी अल्बम तिथेच थांबवते, जणू प्रश्न मलाच केला.

छोट्या अल्बमांना वापरात मोठा फायदा आहे. जेसिका प्रॅटचा 'हिअर इन द पिच' जेमतेम २७ मिनिटांचा, नऊ गाणी. एलपीच्या, म्हणजे व्हिनाइलच्या तबकडीच्या, एका बाजूला वीसेक मिनिटं सहज मावतात, म्हणजे हा पुरता दीड बाजूचाही नाही. साठच्या दशकातल्या रेडिओवरून आल्यासारखा तिचा आवाज, खाली संथ गिटार, मध्येच हलका बोसा नोव्हा हा ब्राझिलियन ठेका. डिसेंबरात तो माझ्या यादीत बराच खाली होता. आता सगळ्यात जास्त वेळा वाजलेल्यांपैकी आहे. कारण एवढंच की संपला की हात आपसूक पहिल्या गाण्याकडे जातो.

याच्या विरुद्ध बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर'. २७ ट्रॅक, ७८ मिनिटं. फेब्रुवारी २०२५मध्ये ग्रॅमीत 'अल्बम ऑफ द इयर' झाला. हा मान तिला पहिल्यांदाच मिळाला आणि तो खूप आधी मिळायला हवा होता यात शंका नाही. पण वापरणाऱ्याच्या नजरेने बघा. मध्ये रेडिओ कार्यक्रमासारखे निवेदनाचे तुकडे आहेत, कंट्री गायक विली नेल्सन बोलतो, लिंडा मार्टेल बोलते. मार्टेल म्हणजे ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या मानाच्या रंगमंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिला तिथे आणणं हीच मोठी गोष्ट आहे. पहिल्या दोन-तीन वेळा मजा येते. पुढे पुढे मात्र ते तुकडे ऐकू आले की अंगठा आपोआप स्क्रीनकडे वळतो. आणि सुरुवातीच्या व्हिनाइलवर पाच ट्रॅक नव्हतेच, 'या या'सकट! क्रमावर एवढा विचार केलेल्या अल्बमची ही गत. तरी शेवटचं 'आमेन' फिरून पहिल्या 'अमेरिकन रेक्विएम'ला जाऊन मिळतं तेव्हा कळतं की बाईंच्या डोक्यात वर्तुळ होतं. त्याचा परीघ जरा आवरला असता तर बरं झालं असतं.

टेलर स्विफ्टच्या ३१ गाण्यांबद्दल बोलत नाही. आधी १६ दिली, दोन तासांनी आणखी १५. ऐकणाऱ्याला एवढं गृहीत धरू नये.

चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' मात्र उन्हाळ्यापुरता ठरेल असं वाटलं होतं तरी टिकला. १५ गाणी, ४१ मिनिटं. '३६०'ने सुरू होतो आणि '३६५'ने संपतो. एकच धून, पण शेवटी ती पुरती झिंगलेली. नाचायच्या गाण्यांच्या मधोमध 'सो आय' आहे, सोफी या गेलेल्या मैत्रिणीसाठी लिहिलेलं. ते पुढेमागे असतं तर विरून गेलं असतं. ऑक्टोबरात आलेला रीमिक्स अल्बम वर्षभर पुरला नाही. गायिका लॉर्डसोबतचं एक गाणं ठेवून बाकी काढून टाकला.

अरूज आफताबचा 'नाइट रेन' ('रेन' म्हणजे राज्य, पाऊस नव्हे) आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतो, उर्दू अर्धीमुर्धी समजते म्हणून. 'ना गुल'चे शब्द माह लका बाई चंदा यांचे, अठराव्या शतकातल्या हैदराबादच्या कवयित्री. आफताब त्यांना ना ताना लावते ना मुरक्यांनी मढवते. एकेक सूर लांब धरते आणि हार्पला बोलू देते. 'रात की रानी'त आवाजावर ऑटोट्यून (सूर यंत्राने जुळवणारी सोय) आहे, तरी ते कृत्रिम लागत नाही. दिवसा ऐकून पाहिला, अजिबात जमत नाही. हा नावातच सांगितलेला वापर आहे, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

जाझवादक शबाकाने सॅक्सोफोन खाली ठेवला आणि एप्रिलमध्ये 'पर्सीव्ह इट्स ब्युटी, अ‍ॅकनॉलेज इट्स ग्रेस' हा बासऱ्यांचा अल्बम आणला. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६४मध्ये 'अ लव्ह सुप्रीम' जिथे मुद्रित केला त्याच व्हॅन गेल्डर स्टुडिओत, वादकांनी हेडफोन न लावता, एका खोलीत बसून. शाकुहाची या जपानी बासरीत फुंकर आधी आणि सूर मागून येतो. तो मधला क्षण शांत जागी ऐकू येतो, रस्त्यावर नाही. त्यामुळे हा वापरात कमी येतो. पण येतो तेव्हा दुसरं काही चालत नाही.

केंड्रिकचं थोडक्यात. बारा गाणी, ४४ मिनिटं, पहिल्या ऐकण्यातच सगळं कळतं. 'लूथर' आणि 'रीइन्कार्नेटेड' अजून ताजी आहेत. बाकीची व्यायाम करताना.

उरला सिंडी ली या नावाने पॅट्रिक फ्लेगेलने काढलेला 'डायमंड ज्युबिली'. बत्तीस गाणी, दोन तास. आला तेव्हा एकाही मोठ्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर नव्हता: यूट्यूबवर एक सलग व्हिडिओ आणि एका जुनाट दिसणाऱ्या वेबसाइटवर फाइली. एवढा लांब अल्बम माझ्या हिशोबात नापासच व्हायला हवा. पण व्हिडिओत गाणी वेगळी केलेलीच नव्हती, म्हणून उडी मारायची सोय नव्हती, आणि बहुधा त्यामुळेच तो डोक्यात एका तुकड्यात बसला. नंतर फाइली फोनमध्ये घेतल्या, गाणी सुटी झाली आणि मी लगेच निवडानिवड करायला लागले. आता पुन्हा व्हिडिओवरच ऐकते. पहिला तास पाठ झालाय. दुसऱ्या तासाचा निकाल अजून राखून ठेवला आहे.