वादी रम (जॉर्डन): दिवसभराची जीप आणि वाळवंटात एक मुक्काम

पेट्रा ते अकाबा जाताना मध्ये दोन तासांची जीप घेऊन वादी रम उरकणारे खूप असतात. तसं करू नका. दोन तासांत एक वाळूचा उतार, एक चहाचा तंबू आणि फोटो, संपलं! घ्यायची तर दिवसभराची जीप घ्या आणि रात्र आतच काढा.

सुमारे ७४ हजार हेक्टरचं हे संरक्षित क्षेत्र २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, निसर्ग आणि संस्कृती दोन्हींसाठी. कातळांवर सुमारे २५ हजार चित्रं आणि २० हजार लेख कोरलेले आहेत. त्यामुळे जीप ठरवताना दर विचारण्याआधी हे विचारा, की चालक नुसता नेऊन सोडतो, की थांबून लेख दाखवतो. रम गावातले झलाबिया या बदू (बेदुइन) टोळीचे चालक यात तरबेज असतात. खझालीच्या अरुंद घळीत पावलं, माणसं आणि थमुदी (प्राचीन अरबस्तानातली लिपी) अक्षरं अगदी हाताशी आहेत. हात मात्र लावू नका, फोटोत उठून दिसावं म्हणून पाणीही मारू नका. वालुकाश्म मऊ असतो, पृष्ठभाग झिजतो. अनफाशियाच्या कातळावर कोरलेली उंटांची रांग तिरप्या उन्हात पाहावी. भर दुपारी सावली पडत नाही, रेघा दिसत नाहीत.

गावालगतच्या नबातियन (पेट्रा घडवणारे प्राचीन अरब लोक) देवळामागे ऐन शल्लाला हा झरा आहे. बहुतेक सहली तो गाळतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. वर वालुकाश्म, खाली ग्रॅनाइट. मुरलेलं पावसाचं पाणी ग्रॅनाइटपाशी अडतं आणि दोन्हींच्या सांध्यातून बाहेर येतं. मान वर करून डोंगराकडे पाहिलं, तर अशा झऱ्यांवरच्या झाडांचे हिरवे ठिपके जवळपास एकाच उंचीवर दिसतात. नबातियनांनी पाण्याचे पाट काढले ते याच झऱ्यांवरून.

प्रवेश ५ दिनार, जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा एकत्रित प्रवेश-पास) असेल तर त्यातच. बुकिंग करताना कॅम्प संरक्षित क्षेत्राच्या आत आहे ना, हे लेखी विचारून घ्या. ‘वादी रम’ नावाने विकले जाणारे बरेच कॅम्प बाहेर, दिसी गावाकडे असतात.

रात्रीचं जेवण म्हणजे झर्ब. वाळूतल्या खड्ड्यात निखारे, वर थरांची जाळी, झाकण, त्यावर वाळू. मांस आणि भाज्या एकाच जाळीत शिजतात, त्यामुळे बटाट्यावर चरबी ठिबकू शकते. शाकाहारी असाल तर भाज्या वेगळ्या भांड्यात करायला आदल्या दिवशीच सांगा. खड्डा एकदा बुजवला की काही बदलता येत नाही.

जीप म्हणजे मागे बाकं टाकलेला उघडा पिकअप. नाका-तोंडावर बांधायला सुती पंचा हवाच. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा शून्याजवळ जातो, म्हणून जादा ब्लँकेट आधीच मागून ठेवा. बुर्दाच्या दगडी कमानीवर चढायचं असेल तर ते जीपच्या पैशांत धरू नका. शेवटच्या टप्प्यात दोर लागतो, वाटाड्या वेगळा ठरवावा लागतो.